छोटे अंगण सजवताना आधी काय मोकळे ठेवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूस आपले रो-हाऊस आहे. घरापुढे १५ फूट रुंद आणि ११ फूट खोल अशी पश्चिमाभिमुख जागा आहे आणि बिल्डरने तिच्यावर सरसकट सिमेंटचा कोबा करून दिला आहे. घराचे दार मधोमध आहे. फाटक दक्षिणेच्या टोकाला, सात फुटी आणि दोन झडपांचे आहे. दोन स्कूटर याच जागेत उभ्या राहतात. सासूबाईंना तुळशीवृंदावन आणि रांगोळीपुरती जागा हवी आहे, यजमानांना हिरवळ आणि लहानसे कारंजे हवे आहे, सात वर्षांच्या मुलाला दिवाळीत किल्ला करायचा आहे आणि आपल्याला संध्याकाळी चहा घेऊन बसता येईल असा एक कोपरा हवा आहे. खर्चाची मर्यादा ८० हजार रुपयांची आहे. एवढ्यात कोणती झाडे आणि शोभेच्या कोणत्या वस्तू घ्याव्यात, असे आपण विचारले आहे.

झाडांची नावे मी पुढे देणारच आहे, परंतु आपली अडचण झाडांची किंवा वस्तूंची नाही. आपल्याकडे जागा किती आहे, याचा हिशेबच अजून झालेला नाही. १५ गुणिले ११ म्हणजे १६५ चौरस फूट, हे कागदावर बरे वाटते. त्यातून फाटकापासून दारापर्यंतची वाट वजा करावी. हातात पिशव्या घेतलेल्या माणसाला सहज चालता यावे म्हणून ती साडेतीन फूट रुंद धरली, तर तिथेच जवळपास ४० चौरस फूट जातात. दोन स्कूटर एकमेकींना न घासता उभ्या राहायच्या, तर सहा फूट बाय साडेपाच फूट जागा लागते. दारापुढे उभे राहायला आणि रांगोळी काढायला चार बाय चार फुटांचा चौक हवा. पाण्याचे मीटर आणि ड्रेनेजचे चेंबर यांच्यापर्यंत माणूस पोहोचला पाहिजे, म्हणून आणखी दहा चौरस फूट सोडावे लागतात. हे सगळे वजा जाता सजावटीसाठी ६५ चौरस फुटांच्या आसपास जागा उरते आणि तीही सलग नसते. म्हणून अशा अंगणात काय ठेवावे हा विचार दुसरा. काय मोकळे ठेवायचे हे आधी ठरवले, तर उरलेल्या जागेत काय मावते ते आपोआप स्पष्ट होते.

यासाठी एक साधी गोष्ट करावी. चुन्याची फक्की घेऊन वाट, स्कूटरची जागा, दारापुढचा चौक आणि चेंबरभोवतीची जागा प्रत्यक्ष जमिनीवर आखावी आणि आठवडाभर त्या रेषा पाळून वावरावे. घरातली माणसे रेषा कुठे ओलांडतात, स्कूटर वळवताना चाक कुठवर येते, दूधवाला पिशवी कुठे अडकवतो, हे सगळे त्यात दिसते. वाट काटकोनात आखलेली असली तरी माणसे फाटकापासून दाराकडे तिरकीच चालतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. आपल्याकडे फाटक कडेला आणि दार मधोमध असल्यामुळे ही तिरकी चाल नक्की दिसेल. ती मान्य करून वाट तिरकी ठेवावी. कोपऱ्यात कुंडी ठेवून माणसांना वळण लावायला जाऊ नये, कारण ती कुंडी महिन्याभरात कोणाच्या तरी पायाने फुटते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते सांगते. माझे पुढचे सगळे सांगणे आपले अंगण पश्चिमेला आहे, हे धरून आहे. हेच घर उत्तराभिमुख असते, तर मी वेगळे सांगितले असते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे २२ फूट उंचीच्या घराची सावली उत्तरेकडे जवळपास २० फूट पडते आणि ११ फुटांचे अंगण हिवाळाभर सावलीत राहते. तेच अंगण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मात्र दुपारच्या उन्हात येते, कारण त्या काळात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला सरकलेला असतो. उत्तरेच्या अंगणात मोगरा लावून फुलांची वाट पाहणारी बरीच घरे मी पाहिली आहेत. आपल्याकडे प्रश्न याच्या उलट आहे. सकाळी घराची सावली आणि दुपारी एक-दीडनंतर मावळतीपर्यंत थेट ऊन. एप्रिल-मे महिन्यांत हे ऊन कोब्यावर, भिंतीवर आणि दारावर एकाच वेळी पडते आणि तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत गार होत नाही. म्हणून आपल्या अंगणाची खरी शोभा संध्याकाळी चार वाजता दारापुढे सावली असणे, ही आहे. मी बाकी सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती करीन.

फाटकापासून सुरुवात करू. दोन समान झडपांचे फाटक आत उघडते, तेव्हा प्रत्येक झडप साडेतीन फूट जागा झाडून घेते आणि त्या जागेत काहीही ठेवता येत नाही. सरकते फाटक हा उपाय लोक सुचवतात, परंतु आपल्याकडे ते सरकण्यासाठी पश्चिमेच्या भिंतीचे उरलेले आठ फूट आतून मोकळे ठेवावे लागतील आणि नेमकी तीच भिंत मला झाडांसाठी हवी आहे. त्यापेक्षा वेल्डरकडून त्याच फाटकाच्या असमान झडपा करून घ्याव्यात. अडीच-तीन फुटांची लहान झडप रोजच्या येण्याजाण्यासाठी ठेवावी. चार फुटांची मोठी झडप फक्त स्कूटर काढताना उघडावी आणि ती दक्षिणेच्या भिंतीला लागून उभी राहील अशी तिकडच्या खांबाला बसवावी. खर्च थोडका आहे आणि जागा रोज वाचते.

यानंतर जमीन. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लहान अंगणात डोळ्यांना सर्वांत जास्त दिसते ती फरशीच, आणि पैसे नेमके तिच्यावरच वाचवले जातात. कोबा फोडण्याआधी पावसाचे पाणी कुठे जाते, ते पाहावे. उतार घराकडून फाटकाकडे असलाच पाहिजे आणि तो साधारण ८० ला १ या प्रमाणात असावा. म्हणजे आपल्या ११ फुटांत दीड ते पावणेदोन इंच. त्याहून कमी असला तर पाणी साचते, फार जास्त असला तर स्कूटर स्टँडवर नीट उभी राहत नाही. आपल्या शहरांमध्ये डांबराचे थरावर थर चढून रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो आणि जुन्या घरांची अंगणे रस्त्यापेक्षा खाली जातात, हेही लक्षात घ्यावे. फाटकाच्या उंबऱ्याशी अंगणाची पातळी आजच्या रस्त्यापेक्षा चार-सहा इंच वर राहील, असे पाहावे. मात्र बाहेरचा उतार सार्वजनिक रस्त्यावर वाढवू नये, कारण ते अतिक्रमण ठरते. फाटकाच्या आत जाळीची चार इंची नाली घेऊन ते पाणी वाफ्याकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावे. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर आपल्या एवढ्याशा जागेवरही दहा हजार लिटरपेक्षा अधिक पाणी पडते. जमीन मुरमाड असेल तर शोषखड्डा उत्तम चालतो. खाली काळी चिकण माती असेल तर तो भरून राहतो आणि मग नाली सरळ पावसाळी गटाराला जोडणे बरे. हे खणल्याशिवाय कळत नाही.

फरशी म्हणून मी खडबडीत शहाबादी किंवा पॉलिश न केलेला कोटा सुचवते. दोन्ही दगड उन्हात चकाकत नाहीत, पावसात पाय घसरत नाही आणि जुने झाल्यावर वाईट दिसत नाहीत. चकचकीत टाइल अंगणात कधीही लावू नये. पेव्हर ब्लॉक घ्यायचेच असतील, तर माणसांच्या आणि स्कूटरच्या वावराला ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात, मोटार आत येत असेल तर ८० मिलिमीटरचे घ्यावेत. मात्र ब्लॉकच्या सांध्यांमध्ये रांगोळी उतरत जाते आणि सासूबाईंची रोजची तक्रार होते, हे आधीच सांगून ठेवते. चेंबरवर फरशी घालून ते गाडून टाकण्याचा आग्रह काही कंत्राटदार धरतात. तो ऐकू नये. ज्याच्या ताटासारख्या खोलगट भागात फरशीचा तुकडा बसतो, असे रिसेस्ड कव्हर बाजारात मिळते. ते बसवले की चेंबर दिसत नाही आणि तुंबल्यावर उघडताही येते. फरशी टाकण्याआधी फाटकाच्या खांबापासून घरापर्यंत आणि घरापासून वाफ्यापर्यंत एक-एक इंची रिकामा पाइप जमिनीखालून टाकून ठेवावा. पुढे दिवा, बेल, कॅमेरा किंवा ठिबकची नळी यांतले काहीही घ्यायचे झाले, तरी फरशी फोडावी लागत नाही.

दारापुढच्या चौकात, छज्जाच्या सावलीत, तीन बाय तीन फुटांची काळ्या दगडाची एकसंध लादी बसवावी. व्यापारी ज्याला लेदर फिनिश म्हणतात तसा काळा ग्रॅनाइट चालतो, किंवा घडीव काळा पाषाण मिळाला तर त्याहून चांगला. अशा मंद पृष्ठभागावर पांढरी रांगोळी उठून दिसते, चिमटीतून सुटलेली रेघ पसरत नाही आणि पाण्याने पुसून निघते. ही लादी उघड्या उन्हात मात्र बसवू नये, कारण काळा दगड मेमध्ये अनवाणी पायाला सोसवत नाही. लादीच्या चारी बाजूंना फिकट शहाबादी आली की अंगणाला मध्य मिळतो. सणावारी रांगोळी आहे आणि एरवी नाही, तरीही तो चौक रिकामा वाटत नाही.

तुळशीवृंदावनाबद्दल दोन बारीक गोष्टी आहेत, पण त्यांनीच तुळस जगते किंवा मरते. बाजारातल्या तयार वृंदावनांपैकी पुष्कळांना खाली पाणी जायला छिद्रच नसते आणि वरची खोबण सहा इंचांची असते. पावसाळ्यात मुळे कुजतात आणि घरातले लोक कारण नसताना मनाला लावून घेतात. वृंदावन पोकळ बांधावे, तळाला आरपार छिद्र ठेवावे आणि आत दहा-बारा इंची मातीची कुंडी बसेल एवढा व्यास ठेवावा. तुळस म्हातारी झाली की कुंडीसकट बदलता येते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती झुडपासारखी भरते. दुसरी गोष्ट दिव्याच्या कोनाड्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात संध्याकाळचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. कोनाडा पश्चिमेला केला तर दिवा टिकत नाही. तो पूर्वेला, म्हणजे घराकडे तोंड करून असावा. मग दिवा वाऱ्यापासून वाचतो आणि दारातूनही दिसतो. वृंदावनाच्या एका बाजूला चार फूट मोकळे राहतील, असे पाहावे. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव उभारायला तेवढी जागा लागतेच. किल्ल्यासाठी याच मोकळ्या जागेला लागून उत्तरेच्या भिंतीशी तीन फुटांचा कोपरा धरावा. वर्षभर तिथे हलवता येतील अशा कुंड्या असाव्यात, त्या दिवाळीच्या आधी बाजूला सरकवाव्यात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला तिथे राहू द्यावा. माती आणायला वाफा हाताशी आहेच.

आता आपल्या चहाच्या कोपऱ्याकडे येते. अशा अंगणात खुर्च्या आणि टेबल ठेवू नये. ते वापरात नसतात तेव्हाही जागा अडवून बसतात. त्याऐवजी पश्चिमेच्या भिंतीचे आठ फूट आणि उत्तरेच्या भिंतीचे पाच फूट धरून काटकोनात दोन फूट रुंदीचा उंच वाफा बांधावा आणि त्याची पुढची भिंत हाच कट्टा करावा. कट्ट्याची उंची १६ ते १८ इंच असावी आणि वर १४ इंच रुंदीची शहाबादी बसवावी. त्यावर तीन-चार माणसे आरामात बसतात, दिवाळीत पणत्यांची ओळ लागते, आणि बूट घालताना टेकायलाही तीच जागा उपयोगी पडते. बैठकीची शहाबादी बाहेरच्या अंगाला दोन इंच पुढे काढावी, म्हणजे पावसाचे ओघळ कट्ट्याच्या भिंतीवर उतरत नाहीत. वाफा घराच्या भिंतीला मात्र कधीही टेकवू नये. जोत्याच्या वर माती चढली की ओल आत येते आणि वाळवीलाही रस्ता मिळतो. कुंपणाच्या भिंतीला माती भरण्यापूर्वी आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करून घ्यावे. उत्तरेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असेल, तर त्यांना आधी विचारावे.

वाफ्याखालचा कोबा पूर्ण फोडला पाहिजे, हे कंत्राटदाराला लिहूनच द्यावे. नुसता कोब्यावर वाफा बांधला तर तो मोठी कुंडीच होतो आणि त्यातले झाड दोन-तीन वर्षांनी थांबते. फोडल्यावर खाली विटांचे तुकडे, वाळू आणि सिमेंटचे गोळे निघतील, कारण बांधकामाचा राडारोडा बहुधा अंगणातच दाबलेला असतो. तो दीड फुटापर्यंत काढून टाकावा. भरण्यासाठी लाल माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग आणि थोडा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण करावे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याला सगळे मिळून पाऊण ब्रासपर्यंत लागेल. वाफ्याच्या तळाशी पुढच्या भिंतीत दर दोन फुटांवर पाणी निथळण्यासाठी छिद्रे ठेवावीत.

आता ते झाड, ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे. उन्हाळ्यात सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, तो वायव्येकडे सरकलेला असतो. त्यामुळे वाफ्याच्या वायव्य कोपऱ्यात लावलेल्या झाडाची सावली दुपारनंतर आग्नेयेकडे झुकत बरोबर आपल्या दाराकडे येते. मेमध्ये चारच्या सुमारास नऊ फुटी झाडाची सावली साधारण दहा-अकरा फूट लांब पडते, म्हणजे ती घरापर्यंत पोहोचते. याहून मोठ्या झाडाची गरजच नाही.

या जागेसाठी माझी पहिली पसंती तगरीला आहे आणि दुसरी कामिनीला. दोन्ही बारमाही हिरव्या आहेत, दोघींची फुले पांढरी आहेत, आणि छाटणी सोसून दोघी हव्या त्या उंचीवर राहतात. तगर पूजेलाही फुले पुरवते. कामिनी हळू वाढते, पण पहिल्या पावसानंतर तिला बहर आला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. एकच बुंधा ठेवून पाच फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या काढत जावे, म्हणजे कट्ट्यावर बसणाऱ्याच्या डोक्याला फांदी लागत नाही आणि वर छत्री तयार होते. पारिजातक बहुतेकांना हवा असतो, मलाही तो आवडतो, परंतु आपल्याकडे तो उन्हाळ्यात पाने गाळतो आणि आपल्याला सावली नेमकी तेव्हाच हवी आहे. देवचाफ्याचेही बहुधा तेच होते. सोनचाफा कलमी घेतला तरी शेवटी मोठा वृक्षच आहे. फायकस कितीही गोंडस दिसला तरी जमिनीत लावू नये, त्याची मुळे चेंबर आणि भिंत दोन्ही शोधून काढतात. आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील शहरी भागांत झाडे तोडण्यावर १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे बंधन आहे. आपण स्वतः लावलेले झाडही पुढे अडचणीचे झाले, तर ते पाडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. म्हणून मोठे होणारे झाड हौसेने लावताना वीस वर्षांनंतरचा बुंधा डोळ्यांपुढे आणावा.

झाडाखाली आणि शेजारी फार प्रकार करू नयेत. पश्चिमेच्या वाफ्यात मोगऱ्याची चार झुडपे लावावीत. ऊन त्यांना पोषक आहे आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पश्चिमेचा वारा त्यांचा वास घरातच आणतो. जानेवारीच्या अखेरीस छाटणी करून, खत देऊन पाणी सुरू केले की मार्चपासून कळ्या धरतात. झाडाच्या बुंध्याजवळ, जिथे थोडी सावली असते, तिथे स्पायडर लिलीचा एकच जाड पट्टा लावावा. ती उन्हातही टिकते, सावलीतही टिकते आणि तिची गडद पाने वर्षभर भरलेली दिसतात. उत्तरेच्या वाफ्यात एक कढीपत्ता आणि गवती चहाचे एक ठोंब ठेवले तर ते रोज उपयोगी पडतात. वेल हवा असेल तर भिंतीपासून चार इंच पुढे तारेची जाळी उभी करून तिच्यावर जुई चढवावी. बोगनवेल मी स्कूटरच्या जवळ लावत नाही, कारण तिचे काटे नेमके हँडलला हात घालताना लागतात. लिंबाचेही तेच.

अनंत आणि एक्झोरा या फुलझाडांचा मोह होईल. आपल्याकडे पाणी कुठले आहे, यावर ते ठरवावे. या दोघांनाही किंचित आम्लधर्मी माती लागते. बोअरचे जड पाणी घातले की काही महिन्यांत कोवळी पाने पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. महापालिकेचे पाणी मिळत असेल, तर खुशाल लावावेत. टँकरवर किंवा बोअरवर भागत असेल, तर टाळावेत.

रोपे घेण्यासाठी उरुळी कांचन आपल्याला जवळ आहे. सोलापूर रस्त्यावरच्या तिथल्या रोपवाटिकांमध्ये पर्याय पुष्कळ आहेत, पण दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. हिरव्या जाळीखाली वाढलेली रोपे तिथे तजेलदार दिसतात आणि पश्चिमेच्या उन्हात आठवड्यात करपतात. अरेका पाम हे त्याचे ठळक उदाहरण आहे, तो आपल्या अंगणात घेऊच नये. रोप उघड्यावर ठेवलेल्या रांगेतले मागावे. दुसरे, आंध्रातील कडियमहून आलेल्या अनेक रोपांच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. पिशवी काढून तो तसाच पुरला तर वरचे पाणी बाजूने निघून जाते आणि आतला गोळा विटेसारखा कोरडा राहतो. लावण्यापूर्वी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती बोटांनी हळूच सोडवावी, मुळे मोकळी दिसू लागली की थांबावे. लागवड जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर करावी.

कुंड्या मोजक्या आणि मोठ्या असाव्यात. आठ इंची डझनभर कुंड्या मे महिन्यात दुपारपर्यंत सुकतात आणि अंगण रोपवाटिकेसारखे दिसू लागते. त्याऐवजी १६-१८ इंची तीन कुंड्या घ्याव्यात. त्यांत अडेनियम, जास्वंद किंवा ऋतूनुसार शेवंती-झेंडू लावता येतील. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो. तो दिसताच फांदी धुऊन, लिटरला पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून फवारावे. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाकाव्यात. डेंग्यूचा डास तेवढ्याशा पाण्यातही अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी उडते.

यजमानांच्या हिरवळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडे ती करू नये. ऊन तिला पुरेसे मिळेल, पण ६५ चौरस फुटांचे तुकडे, त्यावरून सतत येजा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कापणी आणि उन्हाळ्यात रोजचे पाणी, हा व्याप त्या तुकड्याच्या शोभेपेक्षा मोठा आहे. कृत्रिम हिरवळ हा त्यावरचा उतारा नाही. पश्चिमेच्या उन्हात ती चटका देण्याइतकी तापते आणि तिच्यात अडकलेली धूळ निघत नाही. पांढरे गोटे पहिल्या पावसाळ्यात शेवाळतात, पुढे त्यांत वाळलेली पाने अडकतात आणि परिसरातली मांजरे त्यांचा स्वतःसाठी उपयोग करून घेतात. कारंज्यासाठी मी एकच प्रश्न विचारते: पंप बंद असेल तेव्हा ते कसे दिसेल? बहुतेक घरांत ते पहिल्या वर्षानंतर बंदच असते आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. पाण्याचीच हौस असेल, तर झाडाखाली एक उथळ दगडी डोण ठेवावी, रोज सकाळी तिचे पाणी वाफ्यात ओतून ताजे भरावे आणि वर चार फुले सोडावीत. पक्षी येतात, आणि यजमानांना हे पटण्याची शक्यता माझ्या अनुभवाप्रमाणे बरी असते.

दिवे तीन पुरेत. एक पायरीवर खाली प्रकाश टाकणारा, एक झाडाच्या बुंध्याशी वर तोंड करून, आणि एक फाटकाच्या खांबावर. प्रकाश २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर असावा. रंग बदलणारे दिवे घेऊ नयेत. बाहेरचे दिवे आयपी-६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरणारे असावेत आणि त्यांची वीज ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून घ्यावी, कारण ओल्या अंगणात मुले अनवाणी असतात. आकाशकंदिलासाठी छज्जाखाली एक हूक आणि त्याच्याजवळ एक पॉइंट आत्ताच करून घ्यावा, म्हणजे दरवर्षी खिडकीतून वायर ओढावी लागत नाही. अंगणावर कायमचे पत्र्याचे छप्पर घालण्याचा विचार कोणी सुचवला, तर ही जागा नियमांच्या भाषेत पुढील सामासिक अंतर, म्हणजे घरापुढे मोकळी सोडायची जागा आहे, हे ध्यानात ठेवून आधी परवानगीची चौकशी करावी.

खर्चाची विभागणी मी अशी करीन: निम्म्याहून थोडे अधिक पैसे कोबा फोडणे, उतार, नाली आणि फरशी यांवर, पाव हिस्सा कट्टा, वाफा, माती आणि वृंदावनावर, उरलेल्यात फाटकाचे काम, दिवे आणि झाडे. झाडांवर सर्वांत कमी खर्च होईल आणि ते योग्यच आहे, कारण चार फुटी तगर दोन-तीन पावसाळ्यांत हवी तेवढी होते. बांधकाम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावे. पैसे कमी पडले तर दिवे आणि मोठ्या कुंड्या पुढच्या वर्षावर ढकलाव्यात, उतार आणि नाली ढकलू नये.

आपण दिलेल्या माहितीत एक गोष्ट राहिली आहे. गच्चीच्या पावसाळी पाण्याचा पाइप कुठे उतरतो, ते पाहून ठेवावे. तो याच अंगणात मोकळा सोडलेला असेल, तर वर सांगितलेली चार इंची नाली पुरणार नाही. अशा वेळी तो पाइप फरशीखालून स्वतंत्रपणे बाहेर काढावा लागेल, आणि ते काम कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी लिहिलेले असावे.